नांगराच्या कारखान्यातलं मासिक

कंपनीची गृहपत्रिका काढायची ठरली की पहिली बैठक बहुतेक वेळा ‘मुखपृष्ठावर साहेबांचा कोणता फोटो?’ इथेच अडते. खरं तर आराखड्याची सुरुवात वाचकापासून व्हायला हवी. याचं अस्सल मराठी उदाहरण किर्लोस्करवाडीचं.

१९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी तिथे ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखाना लोखंडी नांगरांचा, गिऱ्हाईक शेतकरी. कारखान्याच्या बातम्यांच्या जोडीला हळूहळू उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा असे विषय आले. पुढे नावातली ‘खबर’ गळाली, ‘किर्लोस्कर’ उरलं आणि घरोघरी गेलं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही त्याची भावंडंही आली.

अमेरिकेतही शेती अवजारांच्या जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’ काढलं. ते आजही निघतं आणि भर शेतीच्या माहितीवरच असतो.

म्हणून आधी वाचक ठरवावा. कामगारांसाठी अंक असेल तर बढती-निवृत्तीच्या बातम्यांसोबत एखाद्या फिटरने लढवलेली युक्ती फोटोसह द्यावी. ग्राहकांसाठी असेल तर वस्तूची निगा, दुरुस्ती, वापरणाऱ्यांचे अनुभव.

मग सदरं. चार-पाच पुरेत, पण प्रत्येकाची जागा ठरलेली हवी. पिन मारलेल्या अंकाची पानं चारच्या पटीत धरावीत, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात.

त्रैमासिक असेल तर वर्षाच्या चारही अंकांचे विषय आधीच एका तक्त्यात मांडावेत. मजकूर कोण देणार, मुद्रितं कोण तपासणार, ही नावं आणि तारखाही त्याच तक्त्यात लिहाव्यात.