पोटऱ्यांवरून जाणाऱ्या तीन मालगाड्या

नांदगाव स्थानकात चाळीसगावकडे तोंड करून उभे राहा. पिंपरखेड, नायडोंगरी, रोहिणी, हिरापूर आणि मग चाळीसगाव. रेल्वेच्या रुळांवरून हे अंतर बेचाळीस किलोमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण मॅरेथॉन! आता हेच अंतर पायी पळायचं. चला, हिशेब मांडू.

एका पावलाला एक मीटर धरलं तर ४२ हजार पावलं होतात. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीचा दणका बसतो, तो अंगाच्या वजनाच्या साधारण अडीचपट. धावपटू ६० किलोचा असेल तर दणका दीडशे किलोचा. दीडशे किलो, ४२ हजार वेळा! बेरीज होते ६३ लाख किलो, म्हणजे ६,३०० टन. एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडे निघालेली कोळशाची गाडी आठवा, ५८ वाघिणींची, फाटकावर संपता संपत नाही ती. ती काठोकाठ भरली तरी पाच हजार टनांच्या घरात जाते. एका माणसाच्या दोन पायांनी चार-साडेचार तासांत आख्खी मालगाडी झेलली, वर हजारभर टन!

आणि खरा भार पुढेच आहे. टाचेच्या वर चिमटीत धरता येते ती जाड शीर पोटरीला टाचेशी बांधते. पळताना तिच्यावर अंगाच्या वजनाच्या सहापट, कधी आठपट ताण येतो. सहापटच धरू. एका पावलाला ३६० किलो, एका पायाची २१ हजार पावलं, म्हणजे ७५ लाख किलो. दोन्ही पोटऱ्यांचे मिळून १५ हजार टन. कोळशाच्या तीन गाड्या, एकीमागून एक!

हा भार ओढतं कोण? पोटरीच्या स्नायूचा नुसता आतला अर्धा भाग घेतला, तरी त्यात अकरा लाखांच्या आसपास तंतू आहेत आणि त्यांना हुकूम देणाऱ्या चेतापेशी जेमतेम ५८०. एकेकीच्या ताब्यात एकोणीसशे तंतू, म्हणजे २४ डब्यांच्या एक्सप्रेसमधले सगळे प्रवासी, वर उभ्याने जाणारेही. हुकूम धावतो सेकंदाला ५० मीटरने, ताशी १८० किलोमीटर. मनमाडवरून जाणारी वंदे भारतही या वेगाने धावत नाही.

तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटरला या कारभारात गडबड होते. ‘ओढा’ हा हुकूम सुटतच राहतो, ‘सोडा’ हा हुकूम क्षीण होतो. हजारो तंतू एकदम आवळले जातात, पोटरीत लिंबाएवढा गोळा उभा राहतो आणि धावपटू रस्त्याच्या कडेला बसतो.

या गोळ्यांचा दोष फार वर्षं एकट्या घामाला दिला गेला. घामाचे आकडेही तसेच डोळे फिरवणारे! अंगावर घामाच्या ग्रंथी २० ते ४० लाख. नाशिक जिल्ह्याची २०११ची लोकसंख्या ६१ लाख, म्हणजे निम्म्या जिल्ह्याइतकी छिद्रं एकेकाच्या कातडीवर. मॅरेथॉनभर तीन लिटर घाम धरा. दहा हजार धावपटू पळाले की तीस हजार लिटर, दहा हजारी टँकर तीन. वीस फूट व्यासाच्या विहिरीत हा घाम ओतला तर जवळजवळ साडेतीन फूट पाणी चढेल. नांदगाव तालुक्यात चैत्रात विहिरीला साडेतीन फूट पाणी असणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. तालुक्यातलंच गिरणा धरण या घामाने भरायचं म्हटलं तर? साडेएकवीस टीएमसी, म्हणजे ६० हजार कोटी लिटरच्या वर. त्यासाठी पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांनी, तान्ह्या बाळांसकट, प्रत्येकी २५ मॅरेथॉन पळायच्या!

तीन लिटर घामातलं मीठ मात्र सुमारे साडेसात ग्रॅम, दीड चमचा. किंमत चार आणे. गोळे टाळणं एवढं स्वस्त असतं तर कुणालाच आले नसते. दक्षिण आफ्रिकेत आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनच्या २१० स्पर्धकांना तपासून २०११ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळे आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या रक्तातल्या क्षारांत किंवा पाण्यात सांगण्याजोगा फरक नव्हता. फरक होता तो वेगात आणि आधी गोळे येऊन गेल्याच्या इतिहासात. भीतीने पाणी ढोसणंही महागात पडतं. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणाखाली उतरलं होतं. दर आठांत एक!

आता नाशिककरांचा आकडा ऐका. रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत त्या देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाते, सुमारे ४,९०० किलोमीटर. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी आळीपाळीने ती ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत संपवली. २०१७ मध्ये त्या वेळी नाशिकला असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पार केली, ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत. रेल्वेने मुंबई-पुणे १९२ किलोमीटर. म्हणजे रोज मुंबईहून पुणे, पुण्याहून परत मुंबई, वर तीस किलोमीटर, बारा दिवस, सुट्टी नाही! चढ एकूण १ लाख ७० हजार फुटांच्या पुढे, म्हणजे समुद्रकाठापासून कळसूबाईचा माथा ३१ वेळा. ताशी अर्धाच लिटर घाम धरला तरी आठ हंडे. मिनिटाला ७० फेऱ्या आणि दिवसाला २० तास धरले तर एकेका पायाने पायडल फिरवलं जवळजवळ दहा लाख वेळा. दहा लाख वेळा ‘ओढा’, दहा लाख वेळा ‘सोडा’!

आणि सरासरी वेग, झोप आणि थांबे धरून? ताशी साडेसतरा किलोमीटरच्या आत.

सगळी मेख इथे आहे. गोळा त्यालाच लवकर गाठतो, जो सरावात किलोमीटरला सहा मिनिटांच्या वेगाने पळतो आणि शर्यतीच्या दिवशी गर्दी, ढोल आणि टाळ्या ऐकून पाच मिनिटांच्या वेगाने सुटतो. किलोमीटरला एक मिनिट वाचवायला गेलेला माणूस शेवटी अर्धा तास लंगडतो. सरावात लांबचं अंतर महिनोन् महिने वाढवत न्या, शर्यतीत तोच वेग धरा, तहान लागेल तसं पाणी प्या, उन्हाळ्यात चिमूटभर मीठ-साखर घालून लिंबू सरबत घ्या. तरीही गोळा आलाच तर चोळत, लंगडत पुढे जाऊ नका. थांबा, गुडघा सरळ ठेवा, पायाची बोटं स्वतःकडे ओढा आणि तीस सेकंद तसंच धरून ठेवा. चार तासांच्या शर्यतीत तीस सेकंद म्हणजे ४८० भागांतला एक भाग.