सिनेमा जोडणारे हात

सिनेमा आपण सगळेच पाहतो. पण तो जोडतो कोण? ती गोष्ट आम्ही येथे सांगतो.

दादासाहेब फाळके आपल्या नाशिक जिल्ह्यातले. त्र्यंबकेश्वरी 1870 साली त्यांचा जन्म झाला. 1913 साली त्यांनी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट दाखवला. त्याच साली ते बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले व येथे चित्रपट काढू लागले.

त्या वेळी चित्रपट लांब फितीवर काढीत. एक फूट फितीत 16 चित्रे बसत. पण गोष्ट क्रमाने काढीत नसत. नदीकाठचे प्रसंग एकदम काढायचे, घरातले दुसऱ्या दिवशी. पोथीची सुटी पाने मिसळावीत, तसे ते तुकडे असत. ती पाने नीट लावणे म्हणजे संकलन. नको तो भाग कात्रीने कापायचा, टोके खरवडून चिकटवायची.

ह्याने काय होते? 1919 सालचा 'कालिया मर्दन' घ्या. त्यात फाळक्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली. कृष्ण पाण्यात नागाशी झुंजतो. मध्येच काठावरची घाबरलेली माणसे दिसतात. पुन्हा पाणी, पुन्हा काठ. तुकडे असे जोडले, म्हणून आपला जीव टांगणीला लागतो.

फाळके हे काम स्वतः करीत. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनीही ते शिकून घेतले. धंद्यासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले होते. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा. रात्री अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फितीच्या कडांना भोके पाडायची. भोकांत यंत्राचे दात अडकले, तरच फीत पुढे सरके. उजेड लागला, की कोरी फीत वाया! रसायने कालवणे, फीत धुणे, तुकडे जोडणे, सगळे त्या करू लागल्या. म्हणून पुष्कळ लोक त्यांना भारतातल्या पहिल्या संकलक मानतात. ह्या कामाची शाळा तेव्हा आपल्याकडे नव्हती. घर हीच शाळा.

फाळके 1944 साली नाशिकला वारले. 1969 सालापासून त्यांच्या नावाने सरकार मोठा पुरस्कार देते. सरस्वतीबाईंचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

आता फीत गेली, संकलन संगणकावर होते. तरी पान लावणारा माणूस लागतोच. सिनेमात चित्र पालटले, की समजा, येथे कुणाचा तरी हात फिरला आहे. शेवटी नावे येतात, तेव्हा लगेच उठू नका. आता आपल्याला वाचता येते. 'संकलन' ह्या शब्दापुढचे नाव वाचा.