बीपी नॉर्मल आलंय, मग गोळी कशाला? आजोबांचं गणित इथंच चुकतं

नाशिकजवळचं ओझर म्हटलं की एचएएलचा कारखाना आठवतो. इथं सुखोई-३० विमानांचं ओव्हरहॉलिंग होतं. विमान बिघडायची वाट कुणी बघत नाही. ठरलेली मुदत भरली की ते आत घेतलं जातं.

बीपीच्या गोळीचंही तसंच आहे. पण अनेक घरांतले ज्येष्ठ नेमकं उलटं करतात. डोकं दुखलं की गोळी, बरं वाटलं की बंद.

यात चुकतं काय?

बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. कित्येकदा पहिला इशारा मिळतो तो थेट लकवा किंवा हार्ट अटॅकनं. मशीनवर १३०/८० दिसतं, ते गोळी चालू आहे म्हणून. त्यात अॅम्लोडिपिनसारख्या गोळीचा परिणाम हळूहळू ओसरतो. बंद केल्यावर एक-दोन दिवस फारसा फरक दिसत नाही आणि 'गरजच नव्हती' असं वाटतं. नंतर बीपी गुपचूप चढतं.

फक्त आपल्याकडेच असं होतं का?

नाही. विकसित देशांतही दीर्घ आजाराचे साधारण निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ मध्ये सांगितलं होतं.

यावर चीनच्या ३२६ गावांत एक प्रयोग झाला. निम्म्या गावांत गावच्याच डॉक्टरांना प्रशिक्षण दिलं. रुग्णांना मोफत किंवा स्वस्त औषधं आणि घरी बीपी मोजायचं मशीन मिळालं. दीड वर्षानंतर तिथं ५७ टक्के रुग्णांचं बीपी आटोक्यात होतं, इतर गावांत जेमतेम २० टक्के.

आपल्याकडेही २०१७ मध्ये 'भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम' सुरू झाला. महाराष्ट्रात सुरुवातीच्या जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. जवळच्या आरोग्य केंद्रात महिन्याभराची औषधं आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, हा त्याचा गाभा.

घरी काय कराल?

- गोळीची वेळ रोजच्या सवयीला जोडा, उदाहरणार्थ सकाळचा चहा.
- सात कप्प्यांची डबी आणा. गोळी घेतली की नाही, ते लगेच कळतं.
- एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.
- पाय सुजले, उठताना चक्कर आली तर लगेच डॉक्टरांना सांगा. गोळी बदलायची की कमी करायची, ते तेच ठरवतील.
- खर्च जड जात असेल तर जनऔषधी केंद्रात विचारा.

आणि आज घरी फोन केलात तर 'गोळी घेता ना?' असं विचारू नका. उत्तर 'हो'च येणार. 'पाकिटात किती गोळ्या उरल्यात?' असं विचारा.