मोटारीच्या संगणकास होणारा विजेचा उपद्रव

मागील हिंवाळ्यांत आमची पेट्रोलची मोटार पोखर्णीहून परभणीस जातांना वाटेंत दोनदां आपोआप बंद पडली. दुसऱ्या वेळीं मागून भरधांव मालमोटार येत होती आणि गाडींत नातवंडें बसलीं होतीं. चेक इंजिनचा दिवा लागला, फेरे दाखविणारा कांटा एकदम शून्यावर आला, आणि मिनिटभरानें गाडी जणूं कांहींच झालें नाहीं अशी पुन्हां सुरू झाली. एका गॅरेजांत ‘संगणक गेला, नवा बसवा’ असा निकाल मिळाला. त्याची किंमत ऐकून एकरभर सोयाबीनचें उत्पन्न डोळ्यांपुढून गेलें. पुढें पाहतां संगणक चांगलाच होता. दोष निघाला अर्थच्या पट्टींत. शेतकरी बंधूंवर असा प्रसंग आल्यास खर्चापूर्वीं काय तपासावें, तें येथें सांगतों.

जुन्या मोटारींत कार्ब्युरेटर व पॉइंट असत. त्यांस या उपद्रवाचें कांहींच वाटत नसे. हल्लींच्या मोटारींत पेट्रोल किती सोडावें व ठिणगी केव्हां द्यावी, हें ईसीयू नांवाचा संगणक ठरवितो. त्यास बातमी देणारांत मुख्य क्रँक सेन्सर. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या दातेरी चक्राजवळ तो बसविलेला असतो. पुष्कळ मोटारींत या चक्रावर ६० दात्यांची जागा असून २ दाते मुद्दाम गाळलेले असतात. त्या रिकाम्या जागेवरून संगणक फेऱ्याचा हिशेब धरतो. चुंबकी जातीच्या सेन्सरचा दाब स्टार्टर फिरत असतां कित्येकदां एका व्होल्टहूनहि कमी असतो, आणि तेथून हातभर अंतरावर ठिणगीसाठीं हजारों व्होल्ट खेळत असतात. जमाबंदीच्या वेळीं एक कारकून आंकडे वाची व दुसरा लिही. चावडींत गलका झाला कीं ७ चे १७ होत. मीं तें पुष्कळ वर्षें पाहिलें आहे. येथेंहि तोच प्रकार. गलक्यांत एखादा खोटा दाता मोजला गेला कीं संगणक ठिणगी भलत्याच वेळीं देतो, किंवा देणेंच थांबवितो.

तपासणीचा आरंभ अर्थपासून करावा. बॅटरीचें ऋण टोक जाड तारेनें वा पट्टीनें बॉडीस व इंजिनास जोडलेलें असतें. तेथें गंज चढला म्हणजे परतीच्या प्रवाहास अडथळा होतो, आणि सेन्सर ज्यास शून्य समजतात तें शून्यच हलूं लागतें. इंजिन, दिवे व पंखा चालू ठेवून मल्टिमीटरची एक कांडी बॅटरीच्या ऋण खांबास व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूस लावावी. ०.२ व्होल्टपर्यंत आंकडा चालेल. आमच्या गाडींत तो ०.७ निघाला. पट्टी सोडली तों खालीं हिरवट थर! घासून, बोल्ट आवळून पुन्हां मोजलें तेव्हां ०.०५ आला.

नंतर मागाहून बसविलेल्या वस्तू, म्हणजे स्वस्त एलईडी दिवे, चार्जर, मोठा भोंगा, एकेक सोडवून गाडी चालवून पाहावी. नवी मोटार बाजारांत येण्यापूर्वीं तिची या उपद्रवाबाबत परीक्षा होते. पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्यें तशी सोय आहे. परंतु आपण रस्त्याकडेच्या दुकानांतून जोडलेला दिवा त्या परीक्षेंत कोठून असणार?

गाडींतील रेडिओ एएमवर, स्टेशन नसलेल्या जागीं लावून ठेवल्यास उपद्रवाचा उगम कांहींसा कळतो. इंजिनाच्या वेगाबरोबर टकटक वाढली तर प्लग व त्यांच्या तारा पाहाव्या. शीळ चढत गेली तर आल्टरनेटर. प्लग आंत रोध असलेलेच घ्यावे. पुष्कळ कंपन्यांच्या अशा प्लगच्या क्रमांकांत आर हें अक्षर असतें, आणि रोध बहुधा ५,००० ओहमच्या आसपास असतो. दुकानदार बिनरोधाचे स्वस्त प्लग देऊं लागल्यास घेऊं नयेत. आल्टरनेटरसाठीं इंजिन व दिवे चालू असतां मीटर एसीवर ठेवून बॅटरीचीं दोन्ही टोकें मोजावीं. अर्ध्या व्होल्टहून अधिक आल्यास त्यांतील डायोडचा संशय घ्यावा. क्रँक सेन्सरची तार उंदरानें कुरतडली आहे काय, किंवा ठिणगीच्या तारेस खेटून बांधली आहे काय, हेंहि पाहून घ्यावें.

५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले, आणि तेथेंहि संगणक आला. अशा ट्रॅक्टरास वेल्डिंग करावयाचें झाल्यास आधीं बॅटरी व संगणकाची जोडणी सोडवावी, आणि वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या अगदीं जवळ लावावा.