रस्त्याचे नियम आणि निसर्गाचे नियम

तुमच्यापैकी पुष्कळ जण सायकलवरून शाळेत जात असतील. सायकलला पेट्रोल लागत नाही, ती चालवायला परवाना लागत नाही, तिचा विमाही उतरावा लागत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा यंत्रशक्तीने चालणाऱ्या वाहनांसाठी केलेला कायदा आहे आणि पायांच्या बळावर चालणारी सायकल त्यातील मोटार वाहनाच्या व्याख्येत बसत नाही. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असणाऱ्या विजेच्या दुचाक्यांनाही ठरावीक अटींवर हीच सवलत आहे. त्यामुळे ‘सायकलला कसले आले आहेत नियम?’ असे अनेकांना वाटते.

हा समज चुकीचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ पाहा. सार्वजनिक रस्त्यावर ‘कोणतेही वाहन’ बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा त्यानुसार गुन्हा आहे. त्यात सायकल आलीच. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ प्रमाणे रस्त्यावरील सर्व प्रकारच्या रहदारीसाठी नियम करण्याचे अधिकार पोलीस आयुक्त व जिल्हा दंडाधिकारी यांना आहेत. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, त्या काळात रात्री दिवा नसलेल्या आणि ‘डबलसीट’ जाणाऱ्या सायकलस्वाराला पोलीस हमखास अडवीत असत.

परंतु पोलीस अडवतो म्हणून नियम पाळायचा, ही काही विज्ञानाच्या विद्यार्थ्याची रीत नव्हे. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. चौकात पोलीस नसेल तर माणसाने केलेला नियम मोडून निसटता येते. गती, घर्षण आणि प्रकाश यांचे नियम मात्र कोणालाही मोडता येत नाहीत. रहदारीचे बहुतेक नियम त्यांच्यावरच आधारलेले आहेत. ते कसे, ते आपण पाहू.

थांबायला किती जागा लागते?

समजा, तुम्ही ताशी १५ किलोमीटर वेगाने चालला आहात. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ४.२ मीटर. समोर एकदम कोणी आडवे आले. ते डोळ्यांनी पाहणे, मेंदूला उमगणे आणि बोटांनी ब्रेक दाबणे यांत साधारण एक सेकंद जातो असे धरू. तेवढ्या वेळात सायकल ४.२ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागणे त्यानंतर सुरू होते!

चांगल्या ब्रेकने कोरड्या रस्त्यावर सायकलचे मंदन (म्हणजे ऋण त्वरण) दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद इतके मिळते असे मानू. थांबण्याचे अंतर काढण्याचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे: वेगाच्या वर्गाला मंदनाच्या दुपटीने भागायचे. उत्तर येते २.९ मीटर. एकूण अंतर झाले सुमारे ७ मीटर.

आता उतारावर वेग दुप्पट, म्हणजे ताशी ३० किलोमीटर झाला असे समजा. पहिल्या सेकंदात ८.३ मीटर आणि ब्रेक लागल्यावर ११.६ मीटर, असे एकूण २० मीटर लागतील. वेग दुप्पट झाला, पण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट झाले. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्याचाच हा परिणाम. पावसाळ्यात रिम आणि ब्रेकचे रबर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो आणि घर्षण कमी होते. मंदन निम्मे झाले तर ताशी १५ किलोमीटर वेगालाही ७ ऐवजी १० मीटर लागतात.

या आकड्यांतून कितीतरी नियमांचा उलगडा होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला धरून जाऊ नये असे का सांगतात? तेथे तुमच्यात आणि ट्रॉलीत अंतरच नसते. चालकाने अचानक ब्रेक लावला तर तुमचा हात ब्रेकपर्यंत पोहोचण्याआधीच टक्कर होते. डबलसीट का नको? तुमचे व सायकलचे मिळून वस्तुमान ६५ किलोग्रॅम असेल आणि मागे ५० किलोग्रॅमचा मित्र बसला, तर एकूण वस्तुमान ११५ किलोग्रॅम होते. ब्रेकचे बल मात्र तेवढेच राहते. म्हणून ब्रेक लागल्यावरचे अंतर जवळजवळ पावणेदोन पट होते.

ब्रेक लावताना दोन्ही लावावेत. सायकल मंद होऊ लागली की स्वाराचा भार पुढच्या चाकावर सरकतो. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला तर मागचे चाक उचलले जाऊन स्वार हँडलवरून पुढे पडू शकतो. नुसता मागचा दाबला तर त्या चाकावर भार कमी असल्यामुळे ते घसरते.

उलट दिशेने जाण्याचा मोहही येथेच तपासून पाहू. मोटार ताशी ४० किलोमीटर आणि सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने जात आहे. दोन्ही एकाच दिशेने जात असतील तर सापेक्ष वेग २५ असतो. समोरासमोर येत असतील तर ५५. दोन्ही आकड्यांचे वर्ग करून तुलना करा. टकरीची तीव्रता जवळजवळ पाचपट निघेल. चार पावले वाचवण्यासाठी ही किंमत फार मोठी आहे.

‘मला दिसते’ आणि ‘मी दिसतो’

रात्री रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात आपल्याला रस्ता दिसतो, म्हणून सायकलला दिवा कशाला, असे काही जण म्हणतात. पण प्रश्न आपल्याला दिसण्याचा नाही, आपण इतरांना दिसण्याचा आहे.

ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीला कोरड्या रस्त्यावर, चालकाच्या प्रतिसादाचा एक सेकंद धरून, थांबायला सुमारे ४० मीटर लागतात. अंधाऱ्या रस्त्यावर गडद कपडे घालून कोणी सायकल आडवी नेत असेल आणि मोटारीच्या खाली वळवलेल्या झोतात तो ३० मीटरवर आल्यावर दिसला, तर? चालक कितीही कुशल असला तरी उरलेले १० मीटर तो कोठून आणणार? म्हणून पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा किंवा लाल परावर्तक आणि अंगात फिकट रंगाचे कपडे असणे आवश्यक आहे.

हा लाल परावर्तक मोठा गमतीचा आहे. साध्या आरशावर तिरपा प्रकाश पडला की तो दुसऱ्याच दिशेला जातो. परावर्तक मात्र प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवतो. हे कसे घडते? कॅरम खेळताना स्ट्रायकर कोपऱ्याजवळच्या एका कडेवर आपटून लगेच दुसऱ्या कडेवर आपटला, तर तो आलेल्या मार्गाला समांतर असा परत येतो. कारण त्या दोन कडा एकमेकींशी काटकोन करतात. परावर्तकाच्या आतल्या बाजूला परस्परांशी काटकोन करणाऱ्या तीन-तीन पृष्ठांचे असेच असंख्य बारीक कोपरे असतात. मोटारीच्या दिव्याचा प्रकाश त्यांच्यात शिरतो, तीनदा परावर्तित होतो आणि चालकाकडेच परत जातो.

हीच युक्ती चंद्रावरही वापरली आहे. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी अशा १०० कोपऱ्यांचा परावर्तक चंद्रावर ठेवला. पृथ्वीवरून सोडलेले लेसर किरण त्यावरून परत येतात आणि त्यावरून चंद्राचे अंतर मोजता येते. २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेल्या आपल्या चंद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही असा एक छोटा परावर्तक आहे. चंद्रावरून प्रकाश परत आणणारी ही वस्तू चिखलाने माखू देऊ नका! मडगार्डवरचा परावर्तक आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावा. मात्र ज्या वाहनाचा प्रकाश त्याच्यावर पडत नाही, त्याला तो दिसत नाही. म्हणून परावर्तक असला तरी दिवा हवाच.

वळणाऱ्या बसच्या डावीकडे थांबू नका

चौकात लाल दिवा लागला की पुष्कळ सायकलस्वार बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसतात. यासारखी धोक्याची जागा दुसरी नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या अंगाला अगदी जवळ उभी असलेली सायकल त्याला सहसा दिसत नाही. दुसरे कारण भूमितीचे आहे. वाहन वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गावरून जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूने जातात. समजा, बसच्या पुढच्या व मागच्या चाकांत ५ मीटर अंतर आहे आणि पुढचे डावे चाक १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर वळत आहे. पायथागोरसच्या सिद्धांताने मागच्या डाव्या चाकाची त्रिज्या काढा. ती १०० उणे २५, म्हणजे ७५ चे वर्गमूळ, अर्थात ८.६६ मीटर येते. म्हणजे मागचे चाक १.३ मीटर आत येते. तुम्ही नेमके त्याच जागेत उभे असता. म्हणून अशा वाहनाच्या मागेच थांबावे.

चौकात पिवळा दिवा लागल्यावर ‘जाईन पटकन’ असे म्हणून निघू नये. २० मीटर रुंदीचा चौक ताशी १२ किलोमीटर वेगाने ओलांडायला ६ सेकंद लागतात. पिवळा दिवा बहुतेक ठिकाणी तीनच सेकंद असतो. वळण्यापूर्वी मागे नजर टाकावी, वळायचे त्या बाजूचा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरावा आणि मगच वळावे. रहदारी फार असेल तर उजवीकडे वळताना खाली उतरून सायकल हातात धरावी आणि झेब्रा पट्ट्यांवरून रस्ता ओलांडावा. त्यात कमीपणा काही नाही.

पाट्यांची भाषाही समजून घ्या. लाल कडेच्या गोलात सायकलच्या चित्रावर तिरपी रेघ असेल तर सायकलला मनाई. निळ्या गोलात सायकल असेल तर सायकलने त्याच मार्गाने जायचे. लाल कडेच्या त्रिकोणात सायकल असेल तर पुढे सायकली रस्ता ओलांडतात अशी चालकांना सूचना. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई आहे. तेथील वेगांतला फरक लक्षात घेतला म्हणजे तिचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

डोक्याची काळजी

सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती नाही, पण गणित हेल्मेटच्याच बाजूचे आहे. दीड मीटर उंचीवरून डोके जमिनीवर आदळताना वेग ताशी सुमारे १९ किलोमीटर असतो. कठीण रस्त्यावर ते दोन मिलिमीटरच्या आत थांबले आणि हेल्मेटच्या अस्तरामुळे दोन सेंटिमीटरमध्ये थांबले, तर दुसऱ्या वेळी डोक्यावरचे बल दहापट कमी होते. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, त्यात हेच तत्त्व आहे.

करून पाहा

१. सायकलची दोन्ही चाके ओली करून शाळेच्या मैदानावर वळण घ्या. उमटलेल्या दोन रेषांपैकी मागच्या चाकाची कोणती ते ओळखा आणि दोन्हींतले अंतर मोजा.

२. दोन छोटे आरसे काटकोनात उभे करून अंधारात त्यांच्यावर टॉर्चचा झोत टाका. आरशांची जोडी थोडी फिरवली तरी झोत कोठे जातो ते पाहा.

३. शिक्षकांच्या देखरेखीखाली मैदानावर खडूची रेघ आखा. सायकल रेघेवर येताच शिक्षकांनी शिटी वाजवावी आणि स्वाराने थांबावे. रेघेपासून सायकल किती मीटरवर थांबली ते मोजा. आधी कोरड्या आणि मग ओल्या ब्रेकने हाच प्रयोग करा. आलेले आकडे वर्गातील फळ्यावर लिहून ठेवा. आपल्या सायकलला थांबायला किती जागा लागते, हे प्रत्येकाला स्वतःच्या मोजमापावरून ठाऊक असले पाहिजे.