मोटारीची बैठक

मोटार एका अंगाला कललेली दिसली कीं मालक मिस्त्रीला म्हणतो, "ही बाजू जरा वर घ्या." मिस्त्री बोल्ट फिरवतो, गाडी सरळ दिसूं लागते आणि दोघांचेंही समाधान होतें. पण डोळ्यांना सरळ दिसणारी गाडी रस्त्यावर सरळ थांबेलच असें नाहीं.

उदाहरणाला उत्तरपाऱ्याच्या कारखान्यांत १९५८ पासून २०१४ पर्यंत तयार झालेली अँबॅसडर घेऊं. हिचा मूळ नमुना इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. अशा जुन्या गाड्या हौसेनें जपणारीं घरें आजही आहेत. हिच्या मागच्या बाजूस पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. पुढें मात्र प्रत्येक चाकासाठीं गाडीच्या लांबीच्या दिशेनें बसविलेली पोलादाची एक लांब दांडी असते. तिला टॉर्शन बार म्हणतात. दांडीचें एक टोक चाकाच्या खालच्या भुजेला आणि दुसरें गाडीच्या सांगाड्याला जखडलेलें असतें. चाक खड्ड्यावरून वर उचललें गेलें कीं दांडीला पीळ बसतो, आणि पीळ दिलेली सुतळी उलट फिरूं पाहते तशी ती चाकाला परत खालीं ढकलते. सांगाड्याकडील टोक थोडें फिरवून ठेवलें कीं गाडीची उंची बदलते. पुष्कळांचा समज असा कीं, पीळ वाढविला म्हणजे स्प्रिंग कडक होते. तसें नाहीं. कडकपणा दांडीच्या जाडीवर, लांबीवर व पोलादावर ठरतो. बदलते ती केवळ बैठक.

मोजणी सपाट फरशीवर करावी. रस्ता मध्यें फुगीर असतो, तो फसवितो. दोन्ही बाजूंच्या टायरांत हवा सारखी असावी, डिकींतलें ओझें काढावें. गाडी दोनचार वेळां दाबून सोडावी व थोडी मागेंपुढें ढकलावी, म्हणजे चाकें नैसर्गिक स्थितींत बसतात. मडगार्डाच्या कडेवरून माप घेणें मला पसंत नाहीं. एकदां ठोकून दुरुस्त केलेलें मडगार्ड कोणाचें माप देईल याचा भरंवसा नाहीं. त्यापेक्षां खालच्या भुजेचा आंतला खिळा जमिनीपासून किती उंच आहे, तें दोन्ही बाजूंना मोजावें.

आतां खरी मेख. मागचा उजवा पाटा थकला तर गाडी मागें उजवीकडे खचते, आणि समोरासमोरचा कोपरा, म्हणजे पुढचा डावा, वर येतो. पाहणाराला दोष पुढें दिसतो! तो ओळखण्याची युक्ति सोपी आहे. मागचें अंग बरोबर मध्यभागीं जॅकवर तोलावें. तेवढ्यानें पुढची बाजू सरळ झाली तर दोष मागच्या पाट्यांत. पुढच्या दांडीला हात लावूं नये.

हात लावला तर काय होतें? आंखूड पायाच्या चौरंगाची कल्पना करा. दुसऱ्या पायाखालीं पाचर मारून तो वरून सपाट दिसेल, पण भार समोरासमोरच्या दोन पायांवरच जाईल. गाडींतही तसेंच. पुढच्या एका चाकावर भार अधिक, दुसऱ्यावर कमी. पावसांत जोरानें ब्रेक लावतांच हलकें चाक आधीं घसरूं लागतें आणि गाडी जड चाकाच्या बाजूला ओढली जाते. समोरून बस येत असेल तर पुढें सांगावयास नको.

पीळ कमीजास्त करतांना गाडी नुसत्या जॅकवर ठेवूं नये, खालीं भक्कम घोड्या द्याव्या आणि चाक मोकळें लोंबू द्यावें, म्हणजे दांडीवरील ताण उतरतो. ती बाहेर काढलीच तर डावी-उजवी अदलाबदल करूं नये. एकाच दिशेच्या पिळाची तिला संवय लावलेली असते. तिच्यावर पान्ह्याचा ओरखडाही उठूं नये, कारण चीर तेथूनच सुरू होते. उंची जमली कीं चाकांचें अलाइनमेंट आणि पुढच्या दिव्यांचा रोख पुन्हा तपासून घ्यावा. उंची बदलली कीं हीं दोन्ही बदलतात.