नवस आणि माळ

वेल्हे तालुक्यात (सरकारी कागदांवर आता राजगड) रात्री कोणाच्या छातीत कळ आली, तर गाडी मिळवायची, नसरापूरजवळचा चेलाडी फाटा गाठायचा आणि तिथून सातारा रस्त्याने पुणे. पन्नास-साठ किलोमीटर तरी होतात. भोरच्या घाटाकडच्या वाड्यांना त्याहून जास्त. एवढ्या वाटेत माणूस मनातल्या मनात बरेच काही कबूल करतो. मेंगाईला नवस, बांधावरून भावाशी चाललेले भांडण मिटवण्याचे वचन, तंबाखू कायमची सोडण्याची शपथ. वाचल्यानंतर यातले काय उरते?

मरणाच्या दारातून परतलेला माणूस बदलतो, हे आपण गृहीत धरतो. आकडे तसे सांगत नाहीत. ‘प्युअर’ नावाच्या, १७ देशांत झालेल्या पाहणीत (भारत त्यांपैकी एक) हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेले ७,५१९ जण होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतले १८.५ टक्के अजूनही धूम्रपान करत होते. भरपूर शारीरिक हालचाल ३५.१ टक्क्यांची, चांगला आहार ३९ टक्क्यांचा. तिन्ही गोष्टी पाळणारे अवघे ४.३ टक्के. आजाराला तोवर साधारण चार-पाच वर्षे लोटली होती. त्या रात्रीची भीती खोटी नव्हती. ती पुरली नाही, इतकेच.

मराठी वाचकाला या विषयावर पहिले नाव आठवते ते डॉ. अभय बंग यांचे. गडचिरोलीत ‘सर्च’चे काम उभे करणाऱ्या या डॉक्टरला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गाठले. त्यातून आलेले ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक राजहंसने २००० साली काढले. शीर्षकातला ‘साक्षात्कार’ लोकांच्या लक्षात राहिला. मला मात्र पुस्तकाचे बळ दिनचर्येच्या तपशिलांत दिसते. खाणे, चालणे, श्वासाकडे लक्ष देणे. साक्षात्कार एकदा होतो, चालायला रोज जावे लागते. आणि त्यांनी काम सोडले नाही. नवजात बाळांच्या घरच्या घरी घ्यायच्या काळजीविषयीचा, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांसह लिहिलेला गाजलेला शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला तो आजारानंतर, १९९९ साली.

त्याच नियतकालिकात १९९० साली अमेरिकेतल्या डीन ऑर्निश यांनी आपला प्रयोग मांडला होता. अगदी कमी स्निग्धांशाचा शाकाहार, धूम्रपान बंद, माफक व्यायाम, ध्यान आणि रुग्णांनी नियमाने एकत्र बसून बोलणे. वर्षभरानंतर बहुतेकांच्या अरुंद झालेल्या रोहिण्या थोड्या का होईना मोकळ्या झाल्या. प्रयोग लहान होता, पन्नासहून कमी रुग्णांचा, आणि नेमका कशाचा गुण आला हे त्यातून वेगळे काढता येत नाही. तरी त्यातले ‘एकत्र बसणे’ माझ्या मनातून जात नाही, कारण ते आपल्याकडे दुसऱ्या रूपात आहे.

नवस आणि माळ यांतला फरक इथे पाहण्यासारखा आहे. नवस हा व्यवहार असतो. बोललेले फेडले की हिशेब संपतो आणि माणूस पूर्वीच्या जागी परत येतो. माळेचा हिशेब संपत नाही. मोठ्या दुखण्यातून उठून तुळशीची माळ घातलेला माणूस मावळातल्या गावांना नवा नाही. मटण-दारू बंद, एकादशी, संध्याकाळी देवळात हरिपाठ, जमेल तेव्हा पंढरीची वाट. यात्रेत कोणी ताट पुढे केले आणि ‘डॉक्टरांनी नको सांगितलंय’ म्हटले, तर ‘एवढ्यानं काय होतंय’ हे उत्तर ठरलेले. ‘माळकरी आहे’ म्हटले की आग्रह तिथेच थांबतो. एकट्याच्या निश्चयाला सगळ्या गावाची राखण मिळते. बदललेली दृष्टी टिकते ती बहुधा अशा राखणीमुळे. आतून आलेल्या प्रकाशावर फार भिस्त ठेवू नये, असे माझे मत.

अर्थात माळ म्हणजे औषध नव्हे. तिच्या पथ्यात रक्तदाबाची गोळी येत नाही. बरे वाटू लागले की गोळी सुटते आणि ‘आता विठ्ठलाच्या हवाली’ म्हणायला माणूस मोकळा. तंबाखूचेही तसेच. मांसाला हात न लावणाऱ्या कित्येकांच्या खिशात चंची असते आणि त्यावर भजनी मंडळात कोणी बोट ठेवत नाही.

बायकांचे काय, हा प्रश्न राहतोच. बायाही माळ घालतात, वारीला जातात. पण या तालुक्यांतली भाताची लावणी आषाढाच्याच सुमारास येते. पावसात, चिखलात वाकून रोप लावायचे ते बहुतेक त्यांनीच. ‘महिनाभर विश्रांती’ हे शब्द डॉक्टरच्या कागदावर राहतात. तिची भीती ऐकायला कोणी बसलेले नसते. पहाटे चूल पेटते आणि तिथेच मिश्रीची डबी उघडते.